पंचनामा

मौजे बोरखडी, तालुका अचलपूर.
सकाळचे अकरा, सावली पायाखाली आलेली.
उकंडा तायड्याच्या गोठ्यामागे
गोबरगॅसचा खड्डा, खोली सव्वापाच फूट.
पंचफुलाची कुदळ ठण्ण वाजली
आणि सातशे वर्षं दाबून धरलेला श्वास सोडून
मडकं फुटलं.

मी तलाठी. माझं काम मोजणं.
सतरंजीवर युरियाचं पोतं, पोत्यावर नाणी,
नाण्यांभोवती गाव, गावाभोवती कुत्री.

बाब एक. चांदी, जाड, चेपलेली. नग एकतीस.
एका अंगाला रेघा, दुसऱ्या अंगाला टिंबं.
उकंडा म्हणाला, "हे त गाढवाचं थोबाड हाय बे."
झामरे मास्तर हसले. निवृत्त झाल्यापासून
इतिहासाचं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.
म्हणाले, जुने लोकही असंच म्हणत. गधैया.
इराणच्या कुण्या बादशहाचा चेहरा होता तो,
पाठीमागे अग्नीची वेदी, दोन बाजूंना दोन राखणदार.
राज्य बुडालं. आग जपणारे
आग घेऊन दर्यापार निघाले.
ठसा तेवढा बाजारात राहिला.
नकलेची नक्कल, तिची नक्कल,
दर टाकसाळीत थोडा थोडा राजा सांडत गेला,
आधी मुकुट, मग डोळा,
नाकाचं टिंब झालं, ज्वाळांच्या काड्या झाल्या.
कुणी हरकत घेतली नाही,
वजन बरोबर होतं.

मी रकान्यात लिहिलं: अस्पष्ट.

बाब दोनला अक्षरं होती.
हुसनोद्दीन बहन्याला बोलावलं.
तो गादी अर्धी पिंजून तसाच आला,
भुवयांवर कापूस.
"मले पुरतं वाचता येत नाई, सायेब,"
म्हणत त्यानं हात तीनदा सदऱ्याला पुसले
आणि बोट न लावता, वाकून,
एकेक अक्षर उचललं: खलिफा... मुस्तअसिम...

मास्तरांनी चष्मा काढला.
हा बगदादचा.
मंगोलांनी गालिच्यात गुंडाळून
घोड्यांखाली तुडवला म्हणतात.
आणि हे नाणं दिल्लीचं, त्याच्यानंतर तीसेक वर्षांचं.
"म्हणजे मेलेल्याच्या नावानं?" उकंडा.
"मेलेल्याच्या नावानं.
नवं नाव कोणतं घालावं, ठाऊक नव्हतं."

मी मान खाली घातली.
माझ्या सातबाऱ्यावर
उकंडाचा आजा अजून तूर पेरतो.
फेरफार झालेला नाही.

बाब तीन, एकच नग, तांबं,
मधोमध चौकोनी भोक, चार बाजूंना चार खुणा.
कुणालाच वाचता येईना.
मास्तर "चीन असावं" म्हणाले,
पण आवाज मास्तरांचा नव्हता.
पंचफुलानं भोकातून आभाळ पाहिलं.
"गयात घालाले केलं असन," म्हणाली,
"लेकराच्या."

मालकाचं नाव, जात, धर्म:
छापील नमुना विचारतो.
वेदीवाली चांदी, कलम्याचं नाणं, चीनचं भोक,
एका मडक्यात, एका फडक्यात.
पुरताना त्यानं कोणाला हात जोडले?
फौज येत होती की लग्नाला निघाला होता?
लिहिलं: बेपत्ता.

मग खापरं गोळा करताना
तळातून काळे दाणे पडले. सात.
हुसनोद्दीननं एक दाताखाली धरला.
"सरकी हाय. देशी कपाशीची."
सगळे गप्प झाले. सोनं सापडल्यावरही
इतके झाले नसते.
इथून काय गेलं आणि बदल्यात काय आलं,
ते एकदम दिसलं, आणि गेलं.
सरकीची किंमत मला लावता येईना.
तेवढ्यात एक दाणा कोंबडीनं टिपला;
तो पंचनाम्यात नाही.

खाली सह्या. झामरे, तायडे,
हुसनोद्दीन उर्दूत, उजवीकडून.
पंचफुलाचा अंगठा मी धरला, शाईवर टेकवला,
कागदावर दाबला, उचलला.

रेघा. टिंबं.
जिथं कुदळ घासते, तिथं काहीच नाही.
मी बराच वेळ पाहत राहिलो,
आणि पहिल्यांदाच
रकान्यात अस्पष्ट लिहिलं नाही.